पुण्यातल्या पहिल्या हिवाळ्यात खिडक्या कधी लावायच्या आणि कधी उघडायच्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही रत्नागिरीहून पुण्याला आलात. पाषाणला तळमजल्यावरचा फ्लॅट आहे. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना ब्लडप्रेशर आणि मधुमेह, शिवाय चार महिन्यांचं बाळ. दिवाळी झाल्यापासून पहाटे घर गारठतं, पण दुपारी पंखा लावावा लागतो. मिस्टरांनी बाथरूमच्या काचपट्ट्यांवर आतून पुठ्ठा लावला आहे, कारण आंघोळीला गार वारा येतो. रूम हीटर घ्यायचं चाललंय. सासूबाई म्हणतात, खोलीत शेगडी ठेवू आणि बाळाला धुरी देऊ. यातलं काय करावं, असं विचारलंत. जाता जाता एका ओळीत लिहिलंय की बाथरूममध्ये गॅस गिझर आहे.

सगळ्यात आधी तो पुठ्ठा काढा. बाकीचं उत्तर संध्याकाळी वाचलंत तरी चालेल.

गॅस गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेली मोठी चूल. गॅस जळायला तो खोलीतलाच प्राणवायू घेतो आणि जळल्यानंतरची हवा खोलीतच सोडतो. बाथरूम पाच बाय सात, दार लावलेलं, खिडकीला पुठ्ठा. अशा ठिकाणी प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. माणसाला कळतं की काहीतरी बिघडलंय, पण उठून कडी काढायला पाय साथ देत नाहीत. थंडीच्या दिवसांत ‘बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले’ म्हणून आमच्याकडे हॉस्पिटलात आणलेल्या माणसाच्या घरच्यांना मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की गिझर कुठला आहे आणि खिडकी उघडी होती का.

गिझरची योग्य जागा बाथरूमच्या बाहेर. तुमच्या फ्लॅटला ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघरामागची धुण्याभांड्यांची बाल्कनी, असेल तर गिझर तिथे हलवा आणि गरम पाण्याचा पाइप आत न्या. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. मात्र त्या बाल्कनीलाही काचा लावून ती बंद करू नका. हे काम होईपर्यंत असं करा: बाथरूमचं दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, दोन-चार मिनिटं हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. आंघोळ चालू असताना गिझर चालू नको. सासूबाईंनी आतून कडी लावायची नाही, दार नुसतं लोटून घ्यायचं. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बाहेरून हवा आत यायला वाटच नसेल, तर फॅन आतली हवा ओढतो आणि गिझरचा धूर वर जाण्याऐवजी खोलीत परततो. गिझरची ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली किंवा वरच्या झाकणावर काजळी धरली, तर त्याच दिवशी तो बंद करून मेकॅनिकला बोलवा.

कधी कुणी आत कोसळलंच, तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. श्वास चालू असून शुद्ध नसेल तर कुशीवर वळवून ठेवा. आता घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असतं. या विषबाधेत ते ९८-९९ दाखवतं आणि सगळ्यांची फसगत होते, कारण हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे त्या यंत्राला ओळखता येत नाही. माणूस पाच मिनिटांत सावध होऊन ‘मी बरा आहे’ म्हणाला, तरी हॉस्पिटलला न्यायचंच. तिथे मास्कने शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो.

शेगडीचंही तेच. कोळसा जळताना हाच वायू निघतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची रीत जुन्या घरांतली. तिथे कौलांच्या फटींतून हवा वाहत असायची. तुमच्या स्लॅबच्या घरात स्लाइडिंग खिडक्या ओढून घेतल्या की हवेला वाट राहत नाही. सासूबाईंना हे समजावताना त्यांची काळजी खोटी ठरवू नका. बाळाला ऊब हवी हे त्या बरोबरच सांगतायत, ती द्यायची पद्धत तेवढी बदलायची आहे.

आता थंडीकडे येतो. इथली थंडी रत्नागिरीच्या सवयीने समजून घेता येत नाही, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

रत्नागिरीला समुद्र आणि दमट हवा दिवसाची उष्णता रात्रीही धरून ठेवतात. जानेवारीतली पहाटही तिथे १८-१९ अंशांच्या आसपास असते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, सह्याद्रीच्या आतल्या बाजूला. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस परततो, मग ऑक्टोबर हीट येते, आणि दिवाळीच्या आगेमागे आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि रात्रीचा वारा पडलेला अशी स्थिती होते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आभाळाकडे सोडून देते. डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगरच्या वेधशाळेत पहाटेचं सरासरी तापमान ११-१२ अंश असतं आणि दुपारचं २९-३०. एकाच दिवसात अठरा अंशांचा फरक. काही दिवस पारा ८-९ वर उतरतो. जानेवारी १९३५ मध्ये तो १.७ पर्यंत गेला होता. बंगालच्या उपसागरात काही तयार होऊन आभाळ भरून आलं, तर त्याच महिन्यात पहाट १७-१८ अंशांची होते आणि सगळे म्हणतात थंडी गेली. ढग सरले की ती दोन दिवसांत परत येते. तेव्हा स्वेटर लगेच माळ्यावर टाकू नका.

गार हवा जड असते. रात्री ती टेकड्यांच्या उतारांवरून खाली घरंगळते आणि खोलगट भागात साचते. तुमचं पाषाण बाणेर-पाषाणची टेकडी आणि वेताळ टेकडी यांच्या मधे आहे, मधून रामनदी वाहते. म्हणून शहरातल्या इतर भागांपेक्षा पाषाण, एनडीए (खडकवासल्याची लष्करी प्रबोधिनी) हे भाग जास्त गारठतात, आणि डोंगरावरच्या लवळ्याला मात्र शिवाजीनगरपेक्षा पहाट पाच-सहा अंशांनी उबदार असू शकते. त्यात तुम्ही तळमजल्यावर. तुमच्या घरातली थंडी तुमच्या मनाची नाही, ती खरोखर जास्त आहे.

साचलेल्या त्या गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं. रात्रीचा वाहनांचा धूर, शेकोट्या, कुठेतरी पेटवलेला कचरा आणि पालापाचोळा, सगळं त्या झाकणाखाली राहतं. सकाळी सातच्या सुमाराला वेताळ टेकडीवरून खाली पाहिलंत तर शहरावर राखाडी थर पसरलेला दिसतो. वरची कड अगदी सरळ असते. थराच्या वर आकाश स्वच्छ निळं, खाली इमारतींचे मधले मजले धूसर. ऊन चढून जमीन तापली की साडेनऊ-दहानंतर तो थर विरतो. पाषाणच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतून चालणाऱ्या ‘सफर’च्या हवेच्या प्रदूषणाच्या आकड्यांवर आठवडाभर नजर टाका. थंडीत सकाळचे आकडे दुपारपेक्षा किती वाईट असतात ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

म्हणून ‘पहाटे खिडक्या उघडा, ताजी हवा घ्या’ हा सल्ला पुण्याच्या हिवाळ्यात मी देत नाही. आणि ‘थंडी आहे, घर बंद ठेवा’ हे तर अजिबात सांगत नाही. घर घड्याळावर चालवायचं.

सकाळी साडेनऊ-दहाला सगळ्या खिडक्या उघडा, समोरासमोरच्या, म्हणजे हवा आरपार जाईल. पडदे बाजूला सारा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरच्या आसपास पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. मे महिन्यात तो डोक्यावर असतो, तेव्हा हीच खिडकी सावलीत असते. दक्षिणेची खोली दिवसा सासूबाईंना आणि बाळाला द्या. फरशी, भिंती दुपारभर तापू देत. संध्याकाळी पाच-साडेपाचला खिडक्या ओढून घ्या. नोव्हेंबरच्या अखेरीला पुण्यात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि त्यानंतर तासाभरात गारवा उतरतो. डासही त्याच वेळी आत येतात. दिवसभर साठलेली ऊब अशी रात्रीपर्यंत टिकते. खिडकी सातला लावलीत तर ती ऊब गेलेली असते.

रात्री झोपायच्या खोलीची एक खिडकी दोन बोटं उघडी असू दे, पलंगापासून लांबची, म्हणजे अंगावर झोत येणार नाही. जवळपास कुणी कचरा जाळत असेल त्या रात्री ती लावून घ्या आणि खोलीचं दार घराच्या आत उघडं ठेवा. एक अपवाद स्वयंपाकघराचा: सकाळी सातला डबे करताना शेगड्या पेटलेल्या असतात, तेव्हा तिथली खिडकी उघडीच हवी, मग बाहेर कितीही गार असो.

यात आणखी एक फायदा आहे. तळमजल्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. ती ओल सुकायला हेच महिने मिळतात. घर बंद ठेवलंत तर कपाटामागे काळी बुरशी वाढते, आणि पहाटे शिंका, शिट्टीसारखा श्वास, न थांबणारा खोकला ही गाऱ्हाणी घेऊन पुन्हा आमच्याकडेच यावं लागतं. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. गाद्या, गोधड्या, रजया आठवड्यातून एकदा दुपारच्या उन्हात घाला. तळमजल्याला ऊन नसेल तर गच्चीवर न्या, सोसायटीत कुणी नाही म्हणणार नाही.

हीटर? माझ्या मते तुम्हाला तो लागणार नाही. इथली बोचरी थंडी पहाटे चार ते सकाळी आठ, साडेआठ. तेवढ्यासाठी खोली तापवण्यापेक्षा माणसाला उबदार ठेवणं सोपं, स्वस्त आणि सुरक्षित आहे. २००० वॅटचा हीटर तासाला दोन युनिट वीज खातो आणि आधीच कोरडी हवा आणखी कोरडी करतो. तरीही सासूबाईंसाठी घ्यायचाच असेल तर लाल तारा दिसणारा नको, तेल भरलेल्या पट्ट्यांचा घ्या. भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशन बोर्डला नाही. त्याच्यावर कपडे वाळत घालू नका. उठायच्या आधी अर्धा तास लावायचा आणि बंद करायचा, झोपेत चालू ठेवायचा नाही.

सासूबाईंबद्दल मला हीटरपेक्षा दुसऱ्याच गोष्टींची काळजी आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि ब्लडप्रेशर वाढतं. उन्हाळ्यात नीट बसलेला गोळ्यांचा डोस डिसेंबरात कमी पडू शकतो. घरी मशिन असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून वाढवू नका. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं कमी होतं, ते होऊ देऊ नका. कोमट पाणी थर्मासमध्ये भरून त्यांच्या जवळच ठेवा.

पायात मोजे असतातच. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर नुसत्या मोज्यांनी पहाटे अंधारात बाथरूमला जाणं म्हणजे खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरला आमंत्रण. मोज्यांवर रबरी तळव्याची चप्पल हवीच. उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. वाटेत एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. आणि गरम पाण्याची पिशवी: मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते, त्यामुळे चटका बसतोय हे त्यांना कळत नाही. सकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पिशवी झोपायच्या आधी अंथरुणात ठेवून अंथरूण गरम करा, त्या आडव्या झाल्या की काढून घ्या.

आंघोळ अकराच्या सुमाराला झाली तर उत्तम. घर तापलेलं असतं, सोसायटीत सोलर असेल तर सकाळची गर्दी सरून ऊन चढलेलं असतं. पूजा आंघोळीशिवाय करायची नाही असा त्यांचा नेम असणार. तेव्हा पूजेचीच वेळ उशिरा करता येईल का, हे त्यांच्याशी बोला. आम्हा डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा घरातल्या माणसाचं ऐकलं जातं. कार्तिकात पहाटे काकड आरतीला जायचं असेल तर मी नाही म्हणणार नाही. कान बांधून, शाल घेऊन, सोबतीला कुणीतरी घेऊन जावं. रोजचं फिरणं मात्र सूर्य चांगला वर आल्यावर. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, हे लक्षात ठेवा. छातीत जडपणा, दम लागणं किंवा जबडा, डावा हात दुखणं यातलं काही पहाटे झालं तर ‘वात धरला असेल’ म्हणून बाम चोळत बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

बाळाचं सांगतो. साधा हिशोब असा: तुम्हाला जेवढे कपडे पुरेसे वाटतात त्यावर त्याला एक थर जास्त. दोन-तीन पातळ थर एका जाड स्वेटरपेक्षा बरे, दुपारी एकेक काढता येतात. पुण्यात बाळं गारठण्यापेक्षा दुपारी उकडून रडताना मी जास्त पाहतो, कारण सकाळी सहाला चढवलेली कानटोपी आणि स्वेटर दुपारी दोनला ३० अंशांतही तसेच असतात. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे हात लावून पाहा. ती जागा कोरडी आणि उबदार असेल तर बाळ ठीक आहे. तिथे घाम असेल तर एक थर काढा. झोपताना डोक्यावर टोपी नको, तोंडावर येईल अशी दुलई नको, तुमच्या रजईत तर नकोच.

रत्नागिरीहून आणलेले किंवा कुणा नातेवाइकांनी दिलेले जुने स्वेटर, लंगोट, दुपटी डांबराच्या गोळ्यांमध्ये ठेवलेली असतील, तर थेट बाळाच्या अंगावर घालू नका. त्यातलं नॅप्थलीन कपड्यांत मुरतं, त्वचेतून आणि श्वासातून बाळाच्या रक्तात जातं. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, आणि ते बहुतेक घरांत माहीतही नसतं. अशा बाळाच्या पेशी त्याने फुटतात, कावीळ होते, लघवी गडद होते. कपडे धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, नाकाशी धरून वास पाहा. वास येत असेल तर पुन्हा धुवा. कपाटात यापुढे गोळ्या नकोतच, वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवा.

धुरी नको. ओवा, वेखंड, शेपा कितीही औषधी असले तरी धूर हा धूरच, आणि चार महिन्यांच्या फुप्फुसांना तो सोसत नाही. तेल लावून मालीश जरूर करा, तिळाचं किंवा खोबरेल. त्या तासाभराच्या मायेने बाळाला झोप छान लागते आणि सासूबाईंच्या हातांना त्यांचं काम मिळतं. वेळ मात्र सकाळी सातची नको, दहा-अकराची हवी, उन्हाच्या खोलीत. कानात, नाकात तेल घालायचं नाही. आंघोळीला पाणी कोमट, कोपर बुडवून पाहिलेलं, साबण जेमतेम, आणि अंग ओलसर असतानाच पुन्हा तेलाचा हात. सर्दी झाली तर कापूर असलेला बाम दोन वर्षांपर्यंत लावायचा नाही. मध एक वर्षापर्यंत चाटवायचा नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, म्हणजे बाळगुटीसुद्धा नाही आणि वरचं पाणीही नाही.

कोरडेपणाचा त्रास तुम्हाला सगळ्यांनाच होईल, कारण कोकणातल्या त्वचेला ही हवा नवी आहे. पहाटे इथे आर्द्रता भरपूर असते, पण तीच हवा दुपारी तापली की आर्द्रता पंचवीस-तीस टक्क्यांवर येते. ओठ फुटतात, नाकातून कधी रक्ताचा ठिपका दिसतो. टाचांच्या भेगांना कोकमतेल लावा, ते तुमच्याकडचंच आहे आणि त्याहून चांगलं मला माहीत नाही. मधुमेह असल्यामुळे सासूबाईंच्या टाचा रोज रात्री तुम्ही पाहा, त्यांना वाकून दिसत नाही.

खाण्यापिण्याचं फार बोलत नाही. बाजरीची भाकरी, तीळ, पालेभाज्या, मंडईत येणारे मटार, गाजर, ओले हरभरे, सगळं खा. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू तुम्ही स्वतः बिनधास्त खा, बाळाला दूध पाजता आहात. सासूबाईंना एखादा चाखायला द्या, रोजचा नको, त्यात गूळ आहे आणि गुळाने साखर वाढतेच.

बाळ दूध ओढेनासं झालं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, अंग कढत झालं किंवा उलट गार पडून सुस्तावलं, तर सकाळपर्यंत थांबू नका. सासूबाईंच्या फ्लूच्या लशीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना याच महिन्यात विचारा. आणि ड्राय बाल्कनीचं माप घेऊन प्लंबरला उद्याच फोन करा. थंडी पडली की त्यांना उसंत नसते.